वाचलेलं टिकत नाही

प्रश्न : वाळपईहून कदंबच्या बसने पणजीला कॉलेजला येते. बी.कॉम.चं पहिलं वर्ष. ‘डिस्टिंक्शन’ असं भिंतीवर लिहून ठेवलंय, पण वाचलेलं आठवतच नाही.

उत्तर : बाळ, डिस्टिंक्शनऐवजी ‘आज अकाउंट्सची दोन गणितं’ असं लिही, तेवढं तुझ्या हातात आहे. आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचू नकोस. वही मिटून आठवेल ते लिही, मग पडताळ. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे! म्हणून लगेच आलेल्या आत्मविश्वासावर विसंबू नकोस. बसमध्ये पुस्तक न उघडता कालचा धडा मनात मांड. घरी दमतेस, तर परतण्याआधी पणजीतल्याच पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात तासभर अभ्यास उरक; बसस्थानक जवळच आहे.