कालवड घेताना कास नंतर, आधी पुठ्ठा बघा

नवीन माणूस गोठ्यात शिरला की थेट कासेकडे बघतो. मीही तसाच होतो. तुम्ही आधी मागून आणि मग बाजूने पुठ्ठा, म्हणजे कमरेपासून शेपटीपर्यंतचा मागचा भाग, बघा. शेपटीखालची दोन हाडं एकमेकांपासून लांब हवीत आणि कमरेच्या हाडांपेक्षा थोडी खाली हवीत. असा हलका उतार असला की वासराला वाट सोपी जाते, व्यायल्यावर घाणही निचरून जाते. शेपटीकडची बाजू वर उचललेली असेल तर घाण आत साठते, गर्भाशयाला सूज येते आणि गाय पुढे उलटत राहते, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नाही.

तरी नुसत्या पुठ्ठ्यावर भरवसा नको. विताना गाय अडण्याचं मोठं कारण म्हणजे वासरू मोठं आणि वाट अरुंद. म्हणून कालवडीचं वजन जातीच्या पूर्ण वाढलेल्या गाईच्या साधारण ५५ ते ६० टक्के झाल्याशिवाय तिला भरवू (गाभण करू) नका, आणि पहिल्या वेताला सुलभ प्रसूतीसाठी निवडलेल्या वळूचंच रेतन घ्या.

आणि हो, गाभण गाय गुबगुबीत दिसली म्हणून खूश होऊ नका! चरबी वाटेतही साठते. अंगावरच्या मांस-चरबीला पाचपैकी गुण देतात, त्यात सव्वातीनच्या आसपास पुरे. जास्त झाली तरी शेवटच्या महिन्यात उपाशी ठेवून उतरवू नका, त्याने कीटोसिस (अंगातली चरबी वेगाने वितळून रक्तात कीटोन वाढण्याचा आजार) ओढवतो.