मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन जोग धबधब्याला जायचं आहे. कोल्हापूरहून तीन दिवसांचा बेत कसा आखावा, कुठे राहावं?

आखूच नका. ऑगस्टपर्यंत थांबा.

खरं तर उत्तर एवढंच आहे. पण 'मे' आणि 'जोग' हे दोन शब्द एका ओळीत दिसले की मला गप्प बसवत नाही. आमच्या घरात या विषयावर १९९८ पासून खटला चालू आहे आणि त्यात आरोपी मी आहे.

बेत मोठ्या दिरांचा, म्हणजे अण्णांचा होता. मी आधीच म्हटलं होतं की गणपती झाल्यावर जाऊ. माझं माहेर बेळगावचं. जोग कधी बघायचा असतो हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. माझे वडील त्याला शेवटपर्यंत गिरसप्पाच म्हणायचे. त्यांच्या लहानपणी शरावतीचा उत्तरेकडचा काठ मुंबई इलाख्यात होता, पलीकडे म्हैसूर संस्थान. त्यामुळे अर्धा धबधबा आपलाच, असा त्यांचा हिशेब. पण सुनेच्या माहेरची माहिती सासरी कोण धरतं! अण्णा म्हणाले, "शाळा बुडवून जायचं का? आणि धबधबा म्हणजे धबधबा. तो काय नळ आहे बंद व्हायला?"

विषय संपला. ट्रॅक्स ठरली. सासूबाई, अण्णांचे पाच जण, आम्ही चौघं आणि ड्रायव्हर, अशी अकरा माणसं. शनिवारी निघायचं, रात्री बेळगाव, रविवारी दुपारपर्यंत जोग, असं अण्णांनी वहीत लिहून काढलं होतं, डिझेलच्या हिशेबासकट.

रविवारी सकाळी आईने आमरसाचा घाट घातला. व्याही पहिल्यांदाच मुक्कामाला आलेले, तिने तसं कसं सोडावं? अण्णा आधी घड्याळ बघत होते. मग पानावर बसले. चार वाट्या आमरस झाला, वर दोन पुऱ्या आग्रहाच्या, आणि "पाच मिनिटं पाठ टेकतो" म्हणून माजघरात आडवे झाले ते साडेपाचला उठले. हे साडेपाच लक्षात ठेवा. घरात बाकी कुणाच्या लक्षात नाही.

सोमवारी पहाटे निघालो. हुबळी, शिरसी, सिद्दापूर करत दीडच्या सुमाराला पोचलो. ऊन असं की गाडीचा पत्रा हाताला पोळत होता. कठड्याशी गेलो तर समोर नालेच्या आकाराचा काळा कातळ. २५३ मीटर उंच, एवढा मोठा, आणि नुसता कोरडा. त्यावर दोन ओल्या रेघा. राजा, रोरर, रॉकेट आणि राणी या चार धारांपैकी त्या कुणाच्या हेही कळेना. माझा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याने कठड्याच्या गजातून डोकं घालून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आई, पलीकडच्या बाजूला आहे का?"

कुणीच काही बोललं नाही. सासूबाईंनी झाडाखाली चटई टाकून चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली.

आता खटल्याचा मुख्य पुरावा. अण्णा चहाच्या टपरीवर गेले आणि हिंदीत विचारलं, "पानी कब आता है?" तो माणूस म्हणाला, "निन्ने बरबेकित्तु, सर." काल यायला हवं होतं. आणखीही तो बरंच बोलला, पण अण्णांचं कन्नड 'ऊट आयतु?'च्या पुढे जात नाही. शेजारच्याने एवढंच भाषांतर करून दिलं आणि अण्णांनी जाहीर केलं: रविवारी पाणी सोडतात, आपलं एका दिवसाने हुकलं. का हुकलं? बेळगावच्या आमरसामुळे.

मी तिथेच उभी होते. मला कन्नड येतं. तो बिचारा भज्यांबद्दल बोलत होता! काल रविवार, बरी गर्दी होती, मिरचीची भजी तळली होती. आज गिऱ्हाईक नाही म्हणून कढईच ठेवली नाही, नुसता चहा मिळेल. यात पाण्याचं अवाक्षर नव्हतं. मी हे तेव्हा सांगितलं, गाडीत सांगितलं, घरी येऊन सांगितलं. तरी प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक लग्नात "हिच्या माहेरच्या आमरसापायी आमचा जोग गेला" हे ऐकतेच आहे.

मूळ गोष्ट अशी की जोग हा नळच आहे. अण्णांनी चेष्टेत म्हटलं ते शब्दशः खरं. धबधब्याच्या सहाएक किलोमीटर वर १९६४ सालचं लिंगनमक्की धरण आहे. शरावतीचं पाणी तिथे अडतं, कालव्याने दुसरीकडे वळतं आणि पाइपांतून खाली वीजघरात पडतं. ते वीजघर १,०३५ मेगावॉटचं. म्हणजे राजा-राणीने जी उडी घ्यायची ती पाणी पाइपातून घेतं. मेमध्ये धरणात उरलेलं पाणी विजेसाठी जपून वापरायचं असतं, तुमच्या-माझ्या फोटोसाठी कोण सोडणार? पावसाळ्यात धरण आणि धबधबा यांच्या मधल्या पट्ट्यात पडतो तो पाऊस थेट कड्यावर येतो, म्हणून जुलैपासून चारही धारा दिसायला लागतात. जोगची ती भिंतभर पांढरी चित्रं असतात ना, ती धरण भरून दारं उघडल्यावरची. तसं दर वर्षी होत नाही.

आमच्या अल्बममध्येही तसलंच चित्र आहे. अण्णांनी टपरीशेजारून भरलेल्या धबधब्याचं पोस्टकार्ड विकत घेतलं, घरी आल्यावर चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'जोग, मे १९९८'. शेजारच्या फोटोत आम्ही सगळे घामाने निथळत, डोळे बारीक करून उभे. नवीन सुना अल्बम बघतात आणि म्हणतात, "किती छान पाणी होतं हो!"

बरं, तुमचं. कोल्हापूरहून शिरसीमार्गे साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर पडतात, तीन दिवस पुरतात. राहायला जोगमध्येच कर्नाटक पर्यटन महामंडळाचं मयूर आहे, नाहीतर सागर किंवा शिरसीत राहा. शिरसी मला जास्त आवडतं. ऑगस्टमध्ये शनिवार-रविवार टाळा, गाडी लावायला जागा मिळत नाही.

मुलांच्या शाळेमुळे मेशिवाय जमतच नसेल तर जोग हे नाव सांगून त्यांना नेऊ नका. शिरसीजवळ शाल्मला नदीत सहस्रलिंग आहे. नदी आटलेली असते तेव्हाच पात्रातल्या दगडांवर कोरलेली शिवलिंगं नीट दिसतात, म्हणजे मे उत्तम. सागरजवळ इक्केरीचं अघोरेश्वर मंदिर आणि केळदी. १६८९ मध्ये जिंजीला निघालेल्या राजाराम महाराजांना जिने आसरा दिला ती राणी चेन्नम्मा या केळदीच्या घराण्यातली. मुलांना हे तिथे उभं राहून सांगा. जोगलाही वाट वाकडी करून एक चक्कर मारायला हरकत नाही, कातळ म्हणून बघायचा. खाली उतरायच्या पायऱ्या हजाराच्या वर आहेत आणि पावसात त्या बहुतेक बंदच असतात, तर चालू आहेत का विचारून घ्या. गोकाकचा विचार असेल तर तोही मेमध्ये कोरडा.

एक सांगायचं राहिलं. ऑगस्टमध्येही खात्री नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघंच परत गेलो. अडीच तास कठड्याशी उभे होतो, समोर नुसतं धुकं आणि आत कुठेतरी घरघर. यांच्या पायाला जळू लागलेली. मग दहा मिनिटं पडदा सरकला, राजा वरून खालपर्यंत दिसला, आणि पुन्हा सगळं पांढरं. दहाच मिनिटं. हे अण्णांना मी अजून सांगितलेलं नाही, त्यांना आम्ही पूर्ण दिवस बघितला असंच वाटतं. हे उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलं तर पोचू दे.

आणि बेळगावात तुमचं कुणी असेल तर एक दिवस जास्त थांबा. मे महिना आहे, त्याने जोगचं काही अडत नाही.