आत्ताच निवृत्त झालात ना?

कट्ट्यावर पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "आता काय, वय झालं." ते वाक्य आधी सोडा. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी २००२ साली ओहायोतल्या पन्नाशीपुढच्या ६६० जणांचा अभ्यास मांडला. स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारे सुमारे साडेसात वर्षं जास्त जगले होते. आणि आपल्याकडे महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. आणि जगले वयाच्या १०४ वर्षांपर्यंत.

अर्थात नुसत्या हसऱ्या चेहऱ्याने भागत नाही, पायांत ताकद हवी. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठा-बसा. गुडघे कुरकुरत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि काहीतरी नवीन शिका, वाईट जमलं तरी चालेल. मी ६८व्या वर्षी पेटी घेतली. सूनबाई पहिले तीन महिने दार लावून घ्यायची!

फक्त समवयस्कांतच रमू नका. आमच्या गप्पा फिरून फिरून साखरेच्या रिपोर्टवर येतात.

गुरुवारी सज्जनगडला निघतोय. एसटीत ६५ नंतर अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर फुकट. तुम्हाला मात्र पूर्ण पडेल, अजून लहान आहात.