गिटार, निर्मिती, सिनेमा: तिन्ही धरावं की एकच?

तुमचा प्रश्न असा आहे की ओमार रोड्रिगेझ-लोपेझसारखी कारकीर्द, म्हणजे प्रयोगशील रॉक गिटार, अल्बमची निर्मिती आणि वर सिनेमाही, आपल्याकडे खेड्यात राहून कुणाला जमेल का, की आधी एका गोष्टीत नाव काढावं. त्यातलं 'आधी एका गोष्टीत' हे वाचलं आणि लिहायला बसलो. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हापासून हे वाक्य मी मामाच्या तोंडून ऐकतोय.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळच्या खेड्यातला. आमच्याकडे झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याची नाटकं काय चीज आहे हे विदर्भाबाहेरच्यांनी एकदा येऊन बघावं. दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू होतात, आणि होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटक. मामा ऑर्गन वाजवतो, तीस वर्षं. त्यानंच मला मंचापुढे ऑक्टोपॅडवाल्याच्या बाजूला गिटार देऊन बसवलं. जुनी, गिव्हसन कंपनीची होती, दांडीवरच्या पट्ट्या झिजलेल्या. तेव्हा उन्हाळ्यात मी लग्नांची शूटिंग करायचो आणि रात्री कॉम्प्युटरवर गाणी जोडत बसायचो. मामाला हे तिन्ही एकदम खुपायचं.

कुरखेड्याकडच्या एका गावात नाटक होतं. तिसऱ्या अंकात पोराचं प्रेत घरी आणतात. अशा प्रवेशाला ऑर्गनवर रडका सूर लावायचा, ही रीत. मी त्या दिवशी गिटार अँप्लिफायरकडे वळवली आणि तार न छेडता फीडबॅक, म्हणजे अँप्लिफायरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणारी शिटी, वर येऊ दिला, आवाज मागाहून पुन्हा उमटवणाऱ्या डिलेमधून. बारीक शिटीसारखा आवाज, मग त्याच्याखाली दुसरा, जाड. मंचावर आई झालेली नटी संवाद विसरून दोन क्षण नुसती त्या प्रेताकडे बघत राहिली. बांधीत, म्हणजे धानाच्या मोकळ्या शेतात, बसलेली माणसं एकदम गप्प. थंडीत शेकोटीच्या काटक्या तडतडताना ऐकू येत होत्या. आणि मामानं उजवा हात ऑर्गनवरून काढला आणि माझी वायर ओढून काढली.

नाटक मंडळीच्या मालकानं माझी त्या रात्रीची बिदागी कापली. परत येताना गाडीत मामा एवढंच म्हणाला, "एक तं धर ना बे. गिटार धर, नाईतर शूटिंग धर. एक ना धड, भाराभर चिंध्या."

ओमार माझ्या हाती लागला तो याच्यानंतर, आणि लागला तेव्हा मी मामाला उत्तर म्हणूनच त्याला ऐकलं, हे कबूल करतो. १९७५ सालचा जन्म, पोर्तो रिकोमधल्या बायामोनचा, वाढला टेक्ससमधल्या एल पासोत. तिथे नदी ओलांडली की मेक्सिकोचं हुआरेझ. आमच्याकडे वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी. देश बदलत नाही, पण काठावरच्या गावाचं ते 'आपण कुठेच मधोमध नाही' असं वाटणं मला ओळखीचं आहे. अॅट द ड्राइव्ह-इन या त्याच्या बँडचा मोठा अल्बम २००० साली आला, नाव झालं, आणि २००१ मध्ये बँड थांबला. कुणीही शहाणा माणूस तेच पुढे वाजवत राहिला असता. यानं आणि त्याच बँडचा गायक सेड्रिक बिक्सलर-झाव्हालानं मार्स व्होल्टा हा नवा बँड काढला. २००३ चा पहिला अल्बम त्यानं रिक रुबिनच्या जोडीनं निर्मिला. २००५ च्या 'फ्रान्सेस द म्यूट'पासून निर्माता तो स्वतः. २००९ मध्ये बँडला ग्रॅमी मिळालं. गिटारच्या नेहमीच्या आवाजाचा त्याला तिटकारा होता, म्हणून तो आवाज बदलणारी पेडलवर पेडल लावत गेला. तुमच्यातल्या गिटारवाल्यांना हे पटणार नाही. मला त्या कुरखेड्याच्या रात्रीपासून पटलेलं आहे.

'फ्रान्सेस द म्यूट' करताना तो प्रत्येक वादकाला त्याचा भाग वेगळा शिकवायचा आणि वेगळाच रेकॉर्ड करायचा. बाकीचे काय वाजवतायत हे वाजवणाऱ्याला ऐकू द्यायचं नाही. सगळं गाणं एकाच माणसाच्या डोक्यात. सिनेमाचं एडिटिंग हेच तर असतं. नट आपला शॉट देतो, त्याच्या आधी काय लागणार आणि नंतर काय लागणार हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून २०१० मध्ये त्यानं लिहिलेला, दिग्दर्शित केलेला आणि स्वतः काम केलेला 'द सेंटिमेंटल इंजिन स्लेयर' रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा लोकांना वाटलं गिटारवाल्याला सिनेमाची हौस आली. मी तसं मानत नाही. कुणाला काय ऐकू द्यायचं आणि काय दिसू द्यायचं हे ठरवण्याचं काम तो आधीपासून करत होता. कॅमेरासुद्धा त्यानं अनेक वर्षं सोबत बाळगला. त्या चित्रफितींतूनच २०२३ मध्ये त्याच्या आणि सेड्रिकच्या दोस्तीवरचा माहितीपट उभा राहिला. मामाला जी तीन कामं दिसतात ती मला एकच दिसतात.

मग मीही तसं करून बघितलं. नोव्हेंबरात धान घरात आलं की आमची मागची खोली पोत्यांनी छतापर्यंत भरते. मधे एक माणूस आणि एक ऑर्गन बसेल एवढी जागा ठेवली. पोती आवाज पिऊन टाकतात, टाळी वाजवली तर तिथेच मरते, असा कोरडा आवाज कुठल्या स्टुडिओत पैसे देऊनही मिळत नाही. फक्त तुसाची बारीक धूळ सगळीकडे बसते, ऑर्गनच्या पट्ट्यांवर, माइकच्या जाळीवर, मामाच्या भुवयांवर. लाइट कधी जाईल म्हणून इन्व्हर्टरवर सगळं. मामाच्या कानात नुसती क्लिक, म्हणजे ताल धरायची टिकटिक, दिली. त्यानं विचारलं, "गानं कोनतं?" मी म्हटलं, तू फक्त वाजव. तो चाळीस मिनिटं वाजवत राहिला, डोळे मिटून.

त्यावर मी दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची, ढोलकी बसवली, शेजारच्या मळणीयंत्राचा आवाज, माझा फीडबॅक, आणि रोवणीच्या (भातलावणीच्या) बायांचं मी आधी शूट केलेलं चित्र. अकरा मिनिटांची फिल्म झाली. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच आहे, आजही. नागपूरला एका छोट्या खेळात दाखवली, लोक उठून भेटायला आले.

मामानं ती माझ्या मोबाइलवर पाहिली, चहाच्या टपरीवर, आवाज कानाला लावून. संपल्यावर मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "सूर माहा हाये, पन गानं माहं नोहोय."

या एका वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. बाकी सगळ्यावर मी त्याच्याशी भांडायला तयार आहे. 'एक धर' हे चूक आहे, वायर ओढणं चूक होतं, आणि तिन्ही कामं करणारा माणूस चिंध्या जमवत नाही. पण चाळीस मिनिटं वाजवणाऱ्याला गाणं कोणतं ते सांगायला हवं होतं. खुद्द ओमारनंही आधीचा एकहाती कारभार सोडून २०१२ मध्ये बोस्नियन रेनबोज हा बँड काढला, तिथे गाणी सगळ्यांनी मिळून केली. मार्स व्होल्टा तर २०१३ मध्ये थांबला आणि २०२२ मध्ये परत एकत्र आला. हे मी मामाला अजून सांगितलेलं नाही.

आता तुमचा प्रश्न, गावात राहून जमेल का. ओमारच्या मागे बँडचं नाव होतं, काम बाहेर काढणारी कंपनी होती. २०१६ मध्ये त्यानं दर पंधरा दिवसांनी एक असे बारा एकल अल्बम काढले, ते कुणीतरी काढायला तयार होतं म्हणून. माझ्या मागे दोन एकर धान आहे आणि लग्नाच्या ऑर्डरी आहेत. तुमच्या मागे काय आहे ते आधी बघा. पैसे थोडे असतील तर कॅमेऱ्याआधी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारी पेटी, घ्या, चित्र मोबाइलवर निघतं. आणि नाटकाचा हंगाम सोडू नका. माणसं रात्रभर का बसून राहतात हे दुसरीकडे कुठे शिकवत नाहीत.

पोत्यांच्या खोलीत काही रेकॉर्ड करायचं असेल तर कळवा, पण डिसेंबर संपायच्या आत या. एकदा धान आधारभूत केंद्रावर, म्हणजे सरकारी खरेदीला, गेलं की खोली परत घुमायला लागते.