मेनिदीत घर घेण्याआधी

तू विचारलंस, "ताई, सप्टेंबरमध्ये अथेन्सच्या पिरेअस बंदरात शिपिंग ऑफिसात रुजू होतोय. एजंट अखार्नेस नावाच्या उपनगरात घरं दाखवतोय. भाडं अथेन्सपेक्षा कमी आहे, गच्चीतून डोंगर दिसतो. बायको आणि ४ वर्षांची मुलगी बरोबर असेल. घेऊ का?"

मी इथे १४ वर्षं राहतेय आणि मला हे गाव आवडतं. पण नुसत्या "अखार्नेस" या नावावर घर घेऊ नकोस. डोंगराच्या कुठल्या अंगाला आणि कधी बांधलेलं घर आहे, हे कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

आधी नावाचा घोळ. पाटीवर अखार्नेस असतं, पण लोक मेनिदी म्हणतात. दोन्ही एकच. अथेन्स ही एक वाटी समज: पश्चिमेला एगालेओ, पूर्वेला इमित्तोस, ईशान्येला पेन्तेली, उत्तरेला पार्निथा आणि दक्षिणेला समुद्र. या चार डोंगरांत पार्निथा सगळ्यांत उंच, १,४१३ मीटर. मेनिदी त्याच्या दक्षिण पायथ्याला आहे, शहराच्या मध्यापासून १०-१२ किलोमीटरवर. प्राचीन काळीही ही मोठी वस्ती होती. इथले लोक पार्निथावर कोळसा पाडून अथेन्समध्ये विकायचे. २००७ मध्ये एका इमारतीचा पाया खणताना चक्क जुनं नाट्यगृह सापडलं. माझ्या घरापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यापाड्यांतून माणसं अथेन्सकडे आली आणि शेतीची जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको, आपली गुंठेवारीच ती. परवानगीशिवाय घर आधी उभं राहिलं. रस्ता, गटार आणि नकाशा नंतर आले. अशा घरांना ग्रीकमध्ये 'अफ्थेरेता' म्हणतात आणि ती नियमित करायचे कायदे अजून चालूच आहेत. दुसरी पद्धत 'अंतिपारोखी': मालक जमीन देतो, बिल्डर त्या बदल्यात त्याला काही फ्लॅट देतो. नव्वदच्या दशकात माजी सोव्हिएत प्रदेशातून पोंटिक ग्रीक, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या मूळ ग्रीकांची, कुटुंबं आली. २०११च्या जनगणनेत पालिकेची लोकसंख्या एक लाखाच्या वर होती. त्याच वर्षी वरचं थ्राकोमाकेदोनेस आणि मेनिदी यांची पालिका एक झाली. म्हणूनच एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्त्या आहेत.

मधोमध जुनं गाव: चौक, चर्च, बाजार, अरुंद गल्ल्या. दक्षिणेला अत्तिकी ओदोस हा टोलचा महामार्ग, गोदामं, कारखाने आणि 'स्का' नावाचं रेल्वे जंक्शन. पूर्वेकडे ऑलिम्पिक गाव. २००४च्या खेळाडूंसाठी तिथे सुमारे २,३०० घरं बांधली आणि नंतर म्हाडासारखी सोडत काढून ती कामगार कुटुंबांना दिली. अगदी वर, झाडीत, थ्राकोमाकेदोनेस. उत्तर ग्रीसमधल्या थ्रेस आणि मॅसिडोनियातून आलेल्यांनी वसवलेलं, स्वतंत्र बंगल्यांचं, महाग.

आता मुख्य गोष्ट. ७ सप्टेंबर १९९९ला दुपारी ३च्या सुमारास पार्निथाच्या पायथ्याशी भूकंप झाला. १४३ माणसं गेली. मेनिदी आणि शेजारचं आनो लिओसिया यांना सगळ्यांत जास्त फटका बसला. माझ्या पहिल्या घरमालकीणबाई अजून ती दुपार सांगतात. त्यांनी कित्येक महिने तात्पुरत्या खोलीत काढले. नंतर इंजिनिअरांनी घरोघर फिरून खुणा केल्या: हिरवी म्हणजे राहण्याजोगं, पिवळी म्हणजे दुरुस्तीशिवाय नको, लाल म्हणजे धोकादायक. पिवळ्या घरांची डागडुजी होऊन ती आजही भाड्याने जातात. म्हणून एजंटला दोन प्रश्न नक्की विचार: इमारत कोणत्या वर्षीची, आणि १९९९ मध्ये तिला कुठली खूण मिळाली होती? ग्रीसचा पहिला भूकंप-नियम १९५९चा, १९८५ मध्ये तो कडक झाला आणि २०००च्या आसपास आणखी. तळमजला नुसत्या खांबांवर, खाली पार्किंग, अशी जुनी इमारत असेल तर मुलीला घेऊन तिथे राहू नकोस. भाडं कितीही कमी असलं तरी माझं हे मत बदलणार नाही.

दुसरं, आग. २००७च्या जूनमध्ये पार्निथावरचं फर वृक्षांचं मोठं जंगल जळालं. पाइन आगीनंतर बियांतून पुन्हा उगवतो, फरला ते जमत नाही, म्हणून वरचे उतार अजून बोडके दिसतात. २०२१च्या ऑगस्टमध्ये पूर्वेच्या वारिबोबी आणि तातोईच्या बाजूला आग आली, २०२३च्या ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या फिलीकडून. त्या वेळी घरातले सगळे फोन एकदम ११२च्या इशाऱ्याने किंचाळले. आम्ही पासपोर्ट आणि औषधं घेऊन गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा गच्चीवर राखेचा थर होता. ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटला की ठिणगी डोंगरावरून खाली येते. वरच्या टोकाला घर घेतलंस तर बाहेर पडायला दोन रस्ते आहेत का ते बघ, आणि फोनवर ११२चे इशारे चालू ठेव.

झाडं जळालेल्या उतारावरून पाणीही वेगाने उतरतं. इथे ओढ्याला 'रेमा' म्हणतात. किफिसोस नदी याच बाजूला सुरू होऊन फालिरोला समुद्राला मिळते. कित्येक ओढे मात्र बांधकामाखाली गाडले गेले. माझ्या पहिल्या घराच्या पार्किंगमध्ये ऑक्टोबरच्या एका पावसात गुडघाभर पाणी आलं. तेव्हा शेजारच्या आजोबांनी सांगितलं की इथूनच पूर्वी ओढा वाहायचा. तळघरातलं किंवा सखल गल्लीतलं घर घेऊ नकोस. पश्चिमेकडे फिलीची कचराभूमी आहे, त्यामुळे त्या बाजूचं घर संध्याकाळी वारा असताना एकदा बघून ये.

प्रवास सोपा आहे, पण स्टेशनजवळ राहिलास तरच. 'प्रोआस्तियाकोस' ही उपनगरी गाडी स्काहून थेट पिरेअसला जाते आणि उलट दिशेने विमानतळाला. थ्राकोमाकेदोनेसमधून आधी बसने खाली यावं लागतं. रोज दोन वेळा ते जड जाईल.

थंडीलाही कमी लेखू नकोस. फेब्रुवारी २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये इथे भरपूर बर्फ पडला. २०२२ला तर अत्तिकी ओदोसवर माणसं गाड्यांतच अडकली. हीटिंग गॅसवर आहे की डिझेलवर, आणि प्रत्येक घराचं वेगळं की सगळ्या इमारतीचं एकच, हे विचारून घे.

एवढं सगळं असून मी इथून हलत नाही, कारण जुलैच्या रात्री अथेन्स तापलेलं असतं आणि आमच्याकडे डोंगरावरून वारा येतो. रविवारी आम्ही पार्निथावरच्या बाफी या गिर्यारोहकांच्या निवाऱ्यापर्यंत चढतो. तिथे झाडीत लाल हरणं दिसतात. तुझ्या मुलीला ती नक्की आवडतील.

मी तुझ्या जागी असते तर ऑलिम्पिक गाव किंवा स्काच्या आसपासची २०००नंतरची इमारत शोधली असती. एजंटने दाखवलेल्या घरांचे पत्ते पाठव. शनिवारी मला सुट्टी असते, मी स्वतः जाऊन बघून येते.