लेकुरवाळ्या घराला हातभार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही अडचणीतल्या घरांविषयी लिहिलं होतं. पदरात लहान मूल आहे आणि हाताशी माणूस नाही, अशा घरी दर आठवड्याला जाणाऱ्या स्वयंसेवकांचं काम त्यात होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या महिला मंडळातल्या बाराजणींना शेजारच्या वस्तीत असं काम सुरू करायचं आहे. सुरुवात कुठून करावी? (सांगली)

अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्यापासून. कोणत्या घरात काय चाललंय हे त्यांना ठाऊक असतं, आणि त्यांना वगळून वस्तीत शिरलात तर पहिल्याच महिन्यात गैरसमज होतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यानंतरच्या भेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात असतात. मधली मोकळी जागा तुमची. त्यातही सव्वा महिना संपल्यानंतरचे आठवडे सगळ्यात अवघड असतात. आई परत गेलेली असते, नवरा कामावर असतो, धुणं-पाणी पुन्हा सुरू झालेलं असतं आणि बाळ रात्री झोपू देत नाही.

एका स्वयंसेविकेकडे एकच घर द्या. वार ठरलेला, वेळ ठरलेली, साधारण दोन तास. १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात मार्गारेट हॅरिसन यांनी ‘होम-स्टार्ट’ सुरू केलं, त्याची घडीही अशीच आहे : पाच वर्षांखालचं मूल असलेलं घर आणि तिथे आठवड्याला नेमाने जाणारी, बहुधा स्वतः मुलं वाढवलेली व्यक्ती. तुम्ही बाराजणी असाल तर दहाजणींनी भेटी द्याव्यात. उरलेल्या दोघींनी समन्वय बघावा : आधी घरी जाऊन त्या बाईची स्वतःची संमती विचारायची, दर पंधरा दिवसांनी प्रत्येकीशी बोलायचं, कोणी आजारी पडली तर त्या घरी निरोप पोचवायचा. प्रत्येकीची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, ओळखीची असली तरी.

हे काम बहुतेक वेळा उत्साहामुळेच फसतं. बाराजणी पहिल्याच महिन्यात तीस घरं घेतात आणि दिवाळीपर्यंत एकाही घरी कोणी जात नाही.

पहिल्या भेटीत नेमकं काय करायचं? सासूबाईच सगळी उत्तरं देतात, सून तोंड उघडत नाही. (नाशिक)

बिस्किटं, कपडे, खेळणी, काही नेऊ नका. पहिल्या दिवशी वस्तू नेली की पुढच्या वेळी सगळ्यांचं लक्ष तुमच्या पिशवीकडे असतं. बसायला सांगतील तिथे बसा, कागद-पेन बाहेर काढू नका. एकच विचारा, ‘दिवसातलं कुठलं काम कोणी हलकं केलं तर बरं वाटेल?’ उत्तरं अगदी साधी येतात. बाळाला कोणी धरलं तर नीट आंघोळ करता येईल. थोरल्याला अंगणवाडीत सोडायला कोणी नाही. रेशनच्या ई-केवायसीच्या रांगेत तान्ह्याला घेऊन उभं राहता येत नाही. यातलं एक काम तिच्यासोबत करा. तिला बसवून ठेवून तुम्हीच भांडी घासलीत, तर तिला स्वतःच्याच घरात ओशाळल्यासारखं होतं.

सासूबाईंना टाळू नका. पहिली अर्धी भेट त्यांचीच. त्यांनी मुलं कशी वाढवली ते विचारा. बहुतेकींना हे आजवर कोणी विचारलेलं नसतं. घरच्या रीतींत कशावर बोलायचं आणि काय सोडून द्यायचं, हे आधी ठरवा. हलक्या हाताने तेल लावून मालिश करत असतील तर करू द्या. नाकाकानात तेल सोडणं, डोळ्यात काजळ घालणं, वर्षाच्या आत मध चाटवणं आणि सहा महिन्यांच्या आत पाणी किंवा बाळगुटी देणं मात्र थांबायला हवं. हेही एका बैठकीत सांगून होणार नाही. आणि सुनेसमोर सासूची चूक काढायची नाही. तुम्ही गेल्यावर त्याचे पडसाद सुनेवर उमटतात.

बाळाचा फोटो काढून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं, अजिबात नको.

आम्ही वर्गणी काढून गरजू बाळांना दुधाची पावडर आणि बाटल्या वाटणार आहोत. किती महिन्यांच्या बाळाला कोणती द्यावी? (पुणे)

कोणतीच नाही. १९९२ च्या कायद्यानुसार (दुरुस्ती २००३) आईच्या दुधाऐवजी दिली जाणारी पावडर आणि दूध पाजायच्या बाटल्या दान देण्यास किंवा वाटण्यास मनाई आहे. अनाथालयांसाठी तेवढा अपवाद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. तुमचा डबा पंधरा दिवसांत संपतो आणि तोवर अंगावरचं दूध कमी झालेलं असतं. मग डबा पुरवायचा म्हणून पावडर पातळ कालवली जाते, बाटली नीट उकळली जात नाही आणि जुलाब सुरू होतात. वर्गणी आईच्या जेवणावर खर्च करा. दूध खरोखरच येत नसेल तर तिला डॉक्टरांकडे न्या. पावडर द्यायची की नाही हे त्यांना ठरवू दे.

नऊ महिन्यांचं बाळ. आई म्हणते, ‘खातच नाही.’ अंगणवाडीत दंडघेर (दंडाचा घेर, त्यावरून कुपोषण ओळखतात) पिवळ्या पट्ट्यात आला. आम्ही काय करू शकतो? (नंदुरबार)

सल्ला देण्याआधी एक जेवण डोळ्यांनी बघा. भेटीची वेळ बदलून जेवणाच्या वेळी जा. बहुधा असं दिसतं : थोरल्या भावाच्याच ताटात हात, वाट्याला वरणावरचं पाणी, मधे चहात बुडवलेलं बिस्किट आणि रडलं की पाच रुपयांचं कुरकुऱ्याचं पाकीट. पोट भरलेलं असतं, म्हणूनच ते ‘खात नाही’.

बाळाची वाटी वेगळी करा, साधारण २५० मिलीची. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला अशी अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा, शिवाय एक-दोनदा मधलं खाणं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. अन्न किती घट्ट आहे ते चमच्याने बघा. चमचा तिरका केला आणि घळकन ओघळलं तर ते पातळ आहे. मऊ भात आणि घट्ट वरण हाताने कुस्करायचं, त्यात चमचाभर तेल किंवा तूप. शेंगदाण्याचं कूट घालायचं तर अगदी बारीक. अख्खा दाणा घशात अडकतो. घरात चालत असेल तर अंडं. अंगणवाडीतून येणारा घरपोच आहार बाळाच्या नावाचा असतो, पण घरातले सगळेच तो खातात. त्यावर भांडू नका, बाळाचा वाटा आधी काढायला सांगा. आजारातून उठल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं.

दंडघेर तुम्हीही मोजायला शिका. डावा दंड, उघडा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. हात सैल सोडलेला हवा. पट्टी कातडीला टेकायला हवी, आवळायला नको. बाहीवरून मोजलं तर आकडा फुगतो, पट्टी ओढली तर घटतो. दोन्ही चुका सर्रास होतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ ते १२.५ सेंमीच्या मधे, म्हणजे पट्टीच्या पिवळ्या भागात असेल तर मध्यम कुपोषण. ११.५ च्या खाली गेला तर तीव्र, आणि मग घरच्या खाण्यावर प्रयोग करत बसायचं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून सोडा. खड्डा राहिला तर पट्टीवर आकडा कितीही असो, त्याच दिवशी न्या.

बाळ दोन महिन्यांचं आहे. आई सतत रडते, बाळाकडे बघतही नाही. घरचे म्हणतात, नाटकं आहेत. (कोल्हापूर)

बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातलं रडू बहुधा आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर ते आजारपण समजायचं. तिला विचारा, बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का? मग सरळ विचारा, ‘मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासायला सांगा; थकव्याचं मूळ कधी तिथेही असतं.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ती झोपेविना राहूनही थकत नसेल, आवाज ऐकू येतात म्हणत असेल किंवा बाळाबद्दल विचित्र संशय घेत असेल, तर थांबू नका. १०८ ला फोन करा आणि तोवर बाळ दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या.

‘इतकं गोड बाळ, आणि रडतेस काय?’ हे वाक्य तोंडात येईल. गिळा.

घरात मारहाण होते असा संशय आहे. बोललो तर दार बंद होईल. (वाचकाने गाव लिहिलेलं नाही)

मूल धोक्यात असेल तर १०९८ या हेल्पलाइनला फोन करा, बाईसाठी १८१. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं किंवा तसा संशय आला, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. मंडळाची बैठक होईपर्यंत थांबता येत नाही. स्वतः चौकशी करू नका, मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. बाईच्या हाती पत्रक देऊ नका, ते नवऱ्याला सापडतं. नंबर पाठ करून द्या. ‘इथलं बाहेर जाणार नाही, पण मुलाच्या जिवाचा प्रश्न असेल तर जाईल,’ हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं असलं की पुढे विश्वासघाताचा आरोप येत नाही.

वीटभट्टीवरच्या कुटुंबांची कागदपत्रं गावाकडे राहिलीत. लसी, आहार, पैसे सगळंच अडलंय. (पालघर)

सगळं अडत नाही. सरकारी लसीकरण सत्रात कुठल्याही गावचं मूल चालतं, आणि डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेले पुढे द्यायचे. आहारासाठी जवळच्या अंगणवाडीत नाव घाला. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या अ‍ॅपवर स्थलांतरित नोंदीची सोय आहे. माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो आईच्या आणि आणखी कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असू द्या.

पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६००० एकदम. अर्ज अडतो तो बहुधा नावापाशी : आधारवर माहेरचं आडनाव, बाकी कागदांवर सासरचं. आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं कधी कधी लग्नाआधीचं, विसरलेलं निघतं. ‘आलेच नाहीत’ म्हणण्याआधी बँकेत जाऊन कोणतं खातं जोडलंय ते विचारा.

घरातल्यांनी उसने पैसे मागितले तर? (लातूर)

स्वतःच्या खिशातून देऊ नका, शंभर रुपयेही. देणेकऱ्याच्या दारात बसायला जाताय असं वाटू लागलं की ती बाई भेटीच्या दिवशी घरी सापडत नाही. ‘मंडळाचा नियम आहे’ असं समन्वयकाच्या नावावर ढकला. औषध किंवा गाडीभाड्यासाठी छोटा निधी मंडळाकडे वेगळा ठेवा आणि तो समन्वयकानेच थेट दुकानात किंवा गाडीवाल्याला द्यावा.