केअर होमची आकडेवारी सुधारायची तर नवा फॉर्म काढू नका

ज्येष्ठांच्या निवासी देखभालीची सार्वजनिक आकडेवारी सुधारायला सर्वेक्षणं वाढवावीत की तपासण्या, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही नंतर. आधी आकडा कुठून उचलायचा ते ठरवा. केअर होमने स्वतःबद्दल भरून दिलेला आकडा आणि पगार, औषधं, बिलं यांसाठी एरवीही ठेवाव्या लागणाऱ्या नोंदींतून निघालेला आकडा, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मी अशा फायली हाताळतो, म्हणून जरा पोटतिडकीने लिहितोय.

अमेरिकेत 1998 पासून सरकार नर्सिंग होमची (तिथे हे छोटं रुग्णालय नव्हे, निवासी देखभालीची संस्था) तुलनात्मक माहिती प्रसिद्ध करतं, 2008 पासून एक ते पाच तारेही देतं. पण कर्मचारी किती, हे बरीच वर्षं संस्थाच सांगायच्या, तेही तपासणीच्या आधीच्या दोन आठवड्यांपुरतं. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरलेलं असायचंच. 2016 पासून मात्र रोजचे तास पगाराच्या नोंदींवरून द्यावे लागतात.

या तासांची फाईल कुणालाही उतरवून घेता येते. एका ओळीत एका संस्थेचा एक दिवस: तारीख, त्या दिवशीचे निवासी, नोंदणीकृत नर्सचे तास, सहायकांचे तास, त्यांतले कंत्राटी किती. चाळत गेलात की शनिवार-रविवारी तास घसरलेले दिसतात आणि मधूनच नर्सच्या रकान्यात चक्क शून्य. खास सवलत नसेल तर रोज किमान 8 तास नोंदणीकृत नर्स हवीच, असा तिथला नियम आहे. तिमाहीच्या सरासरीत हा रविवार कधीच सापडला नसता. तारे-बिरे द्या हवे तर, पण रोजची कच्ची फाईल खुली ठेवा.

पडण्याच्या नोंदींचं उलटं आहे. निवासी पडून गंभीर इजा झाली का, हे संस्थाच भरते आणि ते तिच्याच गुणांत धरलं जातं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या नोंदी रुग्णालयाच्या बिलांशी ताडून पाहिल्या, तर बिलांत दिसणाऱ्या घटनांपैकी जेमतेम 58% कळवल्या गेल्या होत्या. आकडा कमी असलेली संस्था खरंच जपते की नुसतं लिहीत नाही, हे मग कसं कळणार? अँटिसायकोटिक, म्हणजे गंभीर मानसिक आजारांवरच्या, औषधांच्या मोजणीतही तेच. स्किझोफ्रेनिया या अशाच एका आजाराचं निदान असलेला निवासी त्यातून वगळला जातो, तर ते निदानच वाढू लागलं. शेवटी 2023 मध्ये सरकारने ही निदानं तपासायला घेतली.

दुसरी गोष्ट कंटाळवाणी, पण फार नडते: मोजायचं कुणाला? 2020 च्या साथीत इंग्लंडचा रोजचा मृत्यूंचा आकडा सुरुवातीला रुग्णालयांपुरताच होता. बाहेरचे, म्हणजे केअर होममधलेही, मृत्यू त्यात 29 एप्रिलपासून धरले गेले. पण केअर होममध्ये राहणाऱ्या आजी रुग्णालयात वारल्या तर? मृत्यूचं ठिकाण धरलं तर त्या केअर होमच्या आकड्यातून गायब, नेहमीचा पत्ता धरला तर हजर. दोन्ही रकाने हवेत. शिवाय भागायला निवाशांची संख्या घ्या, खाटांची नको. खाटा रिकाम्याही असतात. आणि मालक बदलला तरी संस्थेचा क्रमांक तोच राहू द्या, नाहीतर जुन्या तक्रारींचा माग तिथेच तुटतो.

सर्वेक्षण राखून ठेवा ते कुठल्याच रजिस्टरात नसलेल्या गोष्टींसाठी. मर्जीप्रमाणे उठता-झोपता येतं का, घंटा वाजवली की कुणी येतं का, हे निवाशालाच विचारा. विचारणारा मात्र संस्थेचा नको. ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2022 पासून तारे दिले जातात. त्यांत 33% वजन निवाशांच्या अनुभवाला आहे आणि मुलाखती बाहेरची माणसं घेतात. स्मृतिभ्रंश झालेल्यांना सरसकट वगळू नका. प्रश्न छोटे, सोपे असले की सौम्य, अगदी मध्यम अवस्थेतलेही बरेच जण नीट उत्तर देतात.